प्लेगच्या पुण्यातून साडेतीन तास: एका पदयात्रेचा अनुभव

‘घरात उंदीर पडला की घर सोडायचे’ हे माझ्या आजीने तिच्या आईकडून ऐकलेले वाक्य मी लहानपणी अनेकदा ऐकले आहे. आमच्याकडे प्लेगच्या आठवणी निघाल्या की उंदीर ‘मेला’ असे कोणी म्हणत नसे, ‘पडला’ असेच म्हणत, आणि त्या एका क्रियापदात किती दहशत साठलेली होती हे मला फार उशिरा कळले. त्यामुळे पुण्याच्या पेठांमधून १८९७ च्या प्लेगचा इतिहास सांगत नेणारी एक पदयात्रा रविवारी सकाळी निघते असे समजल्यावर मी आणि माझी मावशी नाव नोंदवून गेलो. मावशीने सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून आयुष्य काढले आहे, त्यामुळे ती सोबत असणे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे होते. शुल्क माणशी ४०० रुपये आहे, वेळ सकाळी सातची आहे आणि एका गटात वीसपेक्षा अधिक माणसे घेत नाहीत, ही गोष्ट अरुंद बोळांत फार सोयीची ठरते.

सुरुवात कसबा गणपतीपासून झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेथून ही साथ पुण्यात आली आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांची प्लेग समितीच्या प्रमुखपदी नेमणूक झाली, इथपर्यंतचा भाग मार्गदर्शकाने दहा मिनिटांत उरकला, ते योग्यच केले. खरा थांबा पुढे एका जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजापाशी होता. तेथे त्याने पिशवीतून एक लहान बाटली काढली, तिच्यातला कार्बोलिक ॲसिड या जंतुनाशकाचा बोळा बाहेर धरला आणि काही न बोलता आम्हा सर्वांसमोरून फिरवला. तो वास जुन्या दवाखान्यांतल्या फरशीचा वास होता. मावशीने डोळे मिटून घेतले. मग त्याने सांगितले की १३ मार्चपासून गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या प्लेगचे रुग्ण शोधण्यासाठी पेठापेठांतून घरझडती घेऊ लागल्या तेव्हा हाच वास स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरला होता. ही सुरुवात मला अत्यंत परिणामकारक वाटली.

प्लेगची गाठ काखेत किंवा जांघेत उठते, त्या काळच्या मराठीत या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत, आणि ती गाठ शोधण्यासाठी परक्या पुरुषांनी बायकामाणसांना घराबाहेर उभे करून तपासणे म्हणजे काय, हे त्याने आवाज न चढवता समजावले. त्यावर मावशीने विचारले, “पण बाळा, इतके कार्बोलिक ओतून आणि सामान जाळून साथ हटली का?” मार्गदर्शकाचे उत्तर हा या पदयात्रेचा सर्वांत मोलाचा भाग होता. तो म्हणाला, “मावशी, जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला येर्सिनने शोधला होता, पण उंदराच्या पिसवेतून तो माणसात येतो हे सिमाँने कराचीत १८९८ मध्ये दाखवले. म्हणजे पुण्यात झडती चालू होती तेव्हा शत्रू कोण आहे हे झडती घेणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते.” उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा दुसरे रक्त शोधतात, त्यामुळे उंदीर पडू लागलेले घर तातडीने सोडून माळावर झोपडी बांधून राहणे हाच त्या काळी साध्या माणसाच्या हाती असलेला सर्वांत चांगला उपाय होता. पुढे सरकारी यंत्रणेनेही वस्ती हलवण्याचा मार्ग मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. माझ्या पणजीने पिसवेचे शास्त्र कधी वाचले नसणार, परंतु तिचे वाक्य शास्त्राच्या कसोटीला उतरणारे होते, हे मला त्या दिंडीदरवाजात उभे असताना प्रथमच समजले आणि माझा गळा दाटून आला.

यानंतर मात्र एक चूक झाली आणि ती नोंदवणे मला आवश्यक वाटते. नारायण पेठेत केसरी वाड्यासमोर उभे राहून टिळकांनी १८९७ सालचे ‘केसरी’तले लेख ‘याच वाड्यात’ लिहिले असे सांगण्यात आले. हा गायकवाड वाडा टिळकांनी १९०५ मध्ये घेतला. प्लेगच्या वर्षी त्यांचे बिऱ्हाड सदाशिव पेठेतल्या विंचूरकर वाड्यात होते, जो तेथून चालत फार दूर नाही. मी हे नम्रपणे लक्षात आणून दिले आणि मार्गदर्शकाने ते लगेच वहीत टिपून घेतले. अनेक पुढारी शहर सोडून गेले असताना टिळक पुण्यात राहिले आणि त्यांनी हिंदू रुग्णांसाठी प्लेगचे रुग्णालय उभे केले, ही माहिती त्याने नीट दिली. १९०३ मध्ये टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनेच गेला, हे ऐकताना गटातले सगळेच गप्प झाले.

गंज पेठेतल्या फुले वाड्यात आम्ही जवळजवळ पाऊण तास होतो, आणि तो वेळही कमी पडला. सावित्रीबाईंनी दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांना बोलावून घेतले, हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू झाला, आणि मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा मुलगा प्लेगने पडला असल्याचे कळताच वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्या सेवेतच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मार्गदर्शकाने येथे दोन तारखा शेजारी ठेवल्या: १० मार्चला सावित्रीबाई गेल्या, १३ मार्चला घरझडती सुरू झाली. एकाच महिन्यात, एकाच शहरात, रुग्णाला हात लावण्याचे हे दोन प्रकार होते. मी इतकी वर्षे पुण्यात राहून या तारखा कधी एकत्र वाचल्या नव्हत्या.

चहाच्या वेळी अमृततुल्यच्या बाकड्यांवर साहित्याची चर्चा झाली. डॅनियल डिफो याने लंडनच्या १६६५ च्या प्लेगवरचे पुस्तक १७२२ मध्ये प्रसिद्ध केले, साथीच्या वेळी तो जेमतेम पाच वर्षांचा होता, तरी ते सगळे पाहिलेल्या माणसाच्या तोंडून लिहिले. तिकडे रोगी सापडलेल्या घराच्या दारावर लाल फुली काढून धडधाकट माणसांनाही आत कोंडत, ही माहिती येथे चपखल बसली. गटातल्या एका आजोबांनी १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला त्यांच्या गावी ‘मानमोडी’ म्हणत हे सांगितल्यावर पटकी, देवी आणि मरीआईच्या गाड्याच्या आठवणी निघाल्या. तरीही एक उणीव मला फार जाणवली. पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या स्थितीविषयी पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्येच जाहीर पत्र लिहिले होते, आणि स्त्रियांच्या अपमानावर इतके बोलणाऱ्या पदयात्रेत त्या पत्राचा उल्लेखही झाला नाही.

शेवटचा टप्पा गाडीने गणेशखिंडीचा होता. २२ जून १८९७ च्या रात्री, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून आताच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतून परतताना रँड आणि त्यांच्यासोबतचा लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला मेला आणि दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फासावर गेले. हा भाग पुण्यातल्या शाळकरी मुलालाही माहीत असतो, तरी रहदारीच्या गोंगाटात त्यावर पस्तीस मिनिटे गेली. मागच्या रांगेतल्यांना शब्द ऐकू येत नव्हते. या वेळातला अर्धा वेळ फुले वाड्याला मिळायला हवा होता.

चढउतार फारसा नाही, परंतु गंज पेठेपर्यंतचे अंतर ज्येष्ठांना थकवते, म्हणून मधल्या टप्प्याला रिक्षाची सोय ठेवावी. पाण्याची बाटली आणि टोपी सोबत असू द्यावी. निरोप घेताना मावशीने मार्गदर्शकाला एकच सूचना केली: गणेशखिंडीऐवजी नायडू सांसर्गिक रुग्णालयाच्या फाटकापाशी शेवट करावा, कारण मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण तेथेच दाखल झाले होते. त्याने ती सूचनाही वहीत लिहून घेतली. बदल झाल्याचे कळले, तर आम्ही दोघी पुन्हा नाव नोंदवणार आहोत.