बोर्डिंगवाला म्हणतो ‘इन्सुलिन दिलं’, पण खरंच दिलं का?

गणपतीला कोकणात जायचं म्हटलं की ठाणे-नवी मुंबईत मांजरांची बोर्डिंगं आधीच भरून जातात. त्यात मांजराला नुकताच डायबेटीस निघालेला असला, तर “इन्सुलिन आम्ही देऊ, ट्रेंड माणूस आहे” म्हणणारा देवासारखा वाटतो. मासा गळाला लागतो तो इथेच.

नेरूळमधला प्रकार सांगतो. मांजराला ग्लार्जिन (बराच वेळ काम करणारं इन्सुलिन) 1 युनिट, दर 12 तासांनी. बोर्डिंगने रोजच्या दरावर ‘मेडिकल केअर’चे पैसे आगाऊ घेतले, सिरिंजचे वेगळे लावले. रोज दोन वेळा ग्लुकोमीटरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा: 138, 142, 135. घरचे निर्धास्त. परत आले तर मांजर मान टाकून पाण्याच्या भांड्याशी बसलेलं, खाणं बंद, लघवीच्या पट्टीवर कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागल्याची धोक्याची खूण. मीटरची मेमरी उघडली तेव्हा त्यात फक्त पहिल्या दिवसाची रीडिंग निघाली.

खरं तर ते आकडेच संशय यावा असे होते. परक्या जागी, शेजारी कुत्री भुंकत असताना मांजराची साखर नुसत्या ताणानेही 300च्या पुढे जाऊ शकते. इन्सुलिन नुकतंच सुरू झालेलं मांजर अशा ठिकाणी इंजेक्शनआधी रोज 140च्या आसपास राहील, हे पटण्यासारखं नाही. आणि समजा खरंच 140 असती, तर डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन जायला हवा होता, कारण इंजेक्शनआधी साखर एवढी कमी असताना नेहमीचा डोस दिला तर ती धोकादायकरीत्या उतरू शकते. तसा फोन एकदाही झाला नाही. दोन वेगळ्या दिवसांच्या फोटोंत पट्टीच्या टोकावरचा रक्ताचा डाग तंतोतंत सारखा होता. फक्त कडा कापून तारीख-वेळ उडवलेली.

सिरिंजचं प्रकरण तर त्याहून वाईट. ग्लार्जिन 1 मिलीत 100 युनिटचं असतं. लाल टोपणाची सिरिंज 40 युनिटवाल्या इन्सुलिनची, आणि नुसतं ‘इन्सुलिन सिरिंज द्या’ म्हटलं तर केमिस्टकडून बऱ्याचदा हीच हातात पडते. तिच्यात ग्लार्जिन 1च्या रेघेपर्यंत भरलं की मांजराच्या अंगात अडीच युनिट जातं. बिलात लावलेल्या सिरिंजा लाल टोपणाच्याच होत्या. यांनी इमानेइतबारे डोस दिला असता तर कदाचित जास्त भोवलं असतं!

म्हणून सामान आपलंच द्या, मोजून आणि लिहून. ग्लार्जिनसाठी नारिंगी टोपणाची, 1 मिलीत 100 युनिटवाल्या इन्सुलिनची सिरिंज. त्यातलीच, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली आणि एकूण 30 युनिट मावणारी मिळाली तर उत्तम. 10 दिवसांना 20 सिरिंजा आणि वर चार जादा. वापरलेल्या सगळ्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत परत मागा. डोस गेले का हे इन्सुलिनच्या पेनमधल्या पातळीवरून ठरवू नका: 10 दिवसांचे 20 युनिट म्हणजे 0.2 मिली, 3 मिलीच्या पेनमध्ये तो फरक डोळ्याला कळतही नाही. मीटर आपला, तारीख-वेळ लावलेला. फोटोऐवजी सलग व्हिडिओ मागा, त्यात खाणं, रीडिंग, भरलेली सिरिंज आणि टोचणं सगळं दिसलं पाहिजे. पैसे देण्याआधी समोर साध्या पाण्याने 1 युनिट भरायला लावा. हात तिथेच कळतो. रात्रीचा डोस कोण देणार, हेही विचारा. ‘24 तास’ची पाटी असते आणि रात्री झाडूपोछावाला पोरगा एकटा असतो.

कागदावर एवढं लिहून द्या: खाल्लं नाही तर डोस न देता फोन करायचा. डोस गेला की नाही अशी शंका आली तर पुन्हा टोचायचं नाही. मांजर लडखडलं, थरथरलं तर ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून हिरड्यांना चोळायची आणि लगेच डॉक्टर गाठायचे.

शक्य असेल तर बोर्डिंगच नको. घरी येऊन डोस देणारा माणूस बरा, मांजराचा ताण कमी होतो.

फसलात तर मांजर आधी डॉक्टरकडे. साखर आणि कीटोन त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या. मीटरच्या मेमरीचा व्हिडिओ, यूपीआयची पावती आणि मेसेज जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन 1915. त्याने भागलं नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. बोर्डिंगला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.