स्पिन की कक्षीय प्रवाह? आधी चुंबकाचा थर पाहा

नॅनो आकाराच्या चुंबकाची दिशा विजेने उलटवायची, तर त्याला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याशी जोडलेला संवेग, पोचवावा लागतो. तो इलेक्ट्रॉनच्या स्पिनमधून (त्याच्या अंगभूत कोनीय संवेगातून) येतो, नाहीतर अणुकेंद्राभोवतीच्या त्याच्या कक्षीय गतीतून. दोन्हींचा प्रवाह चुंबकाला लागून असलेल्या धातूच्या थरात वीज सोडून तयार करतात. बहुतेक जण आधी हा धातू ठरवतात आणि मग त्यावर चुंबक चढवतात. मला हा क्रम उलटा वाटतो.

स्पिनची वाट मळलेली. स्पिन हॉल परिणाम म्हणजे विजेच्या प्रवाहाला आडव्या दिशेने स्पिनचा प्रवाह निघणं; त्याचं भाकीत १९७१ चं, द्याकोनोव आणि पेरेल या भौतिकशास्त्रज्ञांचं. प्लॅटिनम, टँटलम, टंगस्टन अशा जड धातूंत तो ठळक दिसतो. स्पिन चुंबकनाशी (चुंबकाच्या अंतर्गत दिशेशी) थेट जोडला जातो, त्यामुळे चुंबक निकेलचा असो वा कोबाल्ट-लोह-बोरॉनचा, ती दिशा वळवणारा टॉर्क मिळतो. अडचण रोधाची: टंगस्टनच्या बीटा या स्फटिकरूपाचा स्पिन हॉल कोन (विजेचा किती हिस्सा स्पिनच्या प्रवाहात बदलतो याचं माप) ०.३ च्या आसपास भरतो, पण रोधकताही मोठी, म्हणजे उष्णता आलीच. थर जाड करूनही उपयोग नाही, कारण स्पिन काही नॅनोमीटरांतच विरतो.

कक्षीय प्रवाहाला जड धातू लागत नाही, हे त्याचं खरं आकर्षण. टायटॅनियम आणि क्रोमियममध्ये तो २०२३ मध्ये प्रकाशाच्या मदतीने थेट टिपला गेला. पण कक्षीय संवेग चुंबकनाला थेट हलवू शकत नाही. चुंबकातली स्पिन-कक्षा जोडणी (इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षीय गती यांतला दुवा) आधी त्याचं स्पिनमध्ये रूपांतर करते, आणि सगळं इथेच अडतं. निकेल हे काम चांगलं करतं, कोबाल्ट-लोह-बोरॉन फारसं नाही. टँटलमवर निकेल ठेवलं तर टॉर्कचं चिन्ह, म्हणजे दिशा, कोबाल्ट-लोह-बोरॉनच्या तुलनेत चक्क उलटतं, कारण टँटलमचे स्पिन आणि कक्षीय परिणाम विरुद्ध चिन्हांचे आहेत. धातू तोच, चुंबक बदलला की निकाल फिरला! मध्ये प्लॅटिनमचा पातळ थर घालून रूपांतर वाढवता येतं, पण मग प्लॅटिनमचा स्वतःचा स्पिन हॉल परिणाम वजा करत बसावं लागतं.

मॅग्नेशियम ऑक्साइडचा अडथळा (चुंबकी थरांमधला पातळ विद्युतरोधक थर) आणि कोबाल्ट-लोह-बोरॉन असलेली चुंबकी मेमरी करायची असेल, तर आज मी स्पिनचीच वाट धरेन. चुंबक निवडायची मोकळीक असेल, तर टायटॅनियमवर निकेल लावून पाहा. मात्र सोबत त्याच जाडीचा कोबाल्ट-लोह-बोरॉनचा नमुना करा आणि टायटॅनियमची जाडीही बदलून मोजा. या जोडनमुन्यांशिवाय मिळालेला टॉर्क कक्षीयच आहे, असं मी तरी म्हणणार नाही.