कम्प्युटरवर संशय आहे: आधी स्कॅन की आधी फोन?

वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या मामांनी कुरिअरची पावती समजून मेलमधली फाइल उघडली. उघडलं काहीच नाही. तासाभरात मात्र त्यांच्या मेलवर अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्याची सूचना आली. मामेभावाचं म्हणणं, आधी अँटीव्हायरस चालवू, मग तिथूनच पासवर्ड बदलू. मी म्हटलं, "मामा, आधी कम्प्युटरचं इंटरनेट तोडा आणि फोन हातात घ्या."

मोठा पडदा, सवयीचा कीबोर्ड, म्हणून पहिला मार्ग सोपा वाटतो. पण आत कीबोर्डवर दाबलेली बटणं टिपणारा प्रोग्रॅम बसला असेल, तर नवा पासवर्डही त्याच वाटेने जातो. स्कॅनमध्ये काही सापडलं नाही, याचा अर्थ त्याला ओळखीचं काही दिसलं नाही, इतकाच. शिवाय असे प्रोग्रॅम ब्राउझरमधल्या लॉगिनच्या कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी, उचलतात. त्या हाती आल्या की बऱ्याच साइटवर पासवर्ड किंवा ओटीपी लागतच नाही. म्हणून फोनवरून पासवर्ड बदलाच, पण 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट'ही करा. पहिला मेल, कारण बाकीच्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. मग नेटबँकिंग, मग वॉलेट. फोनचे मेसेज कम्प्युटरवर दिसत असतील तर ती जोडणी आधी तोडा, नाहीतर ओटीपीही तिकडे दिसेल.

आता खातं गोठवायचं की फक्त कार्ड? पैसे गेले नसतील, तर बँकेच्या ॲपमधून कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करणं मला पुरेसं वाटतं. यूपीआय सिमशी आणि फोनशी बांधलेलं असतं, वर पिन लागतो. दूध-भाजीचं चालू राहू द्या. मात्र नेटबँकिंगमध्ये अनोळखी लाभार्थी (पैसे पाठवण्यासाठी जोडलेलं नाव) दिसला, तर गैरसोय सोसून खात्यातून पैसे जाणं पूर्ण थांबवा.

रक्कम गेलीच असेल, तर लगेच 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) आणि बँक. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा वेळी 3 कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही. 4 ते 7 कामकाजी दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला कमाल 10,000 रुपयांपर्यंत येतो. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.

कम्प्युटरचं नंतर बघू. ज्यावर बँकेची कामं होतात, तो मी नुसता स्कॅन करून ठेवणार नाही. फोटो आणि कागदपत्रं तेवढी काढून पूर्ण फॉरमॅट करून घेईन.