कार्बनच्या नावाखाली आमचं रान लिहून घेतलं

संगमेश्वर तालुक्यात सड्याखालच्या उतारावर आमचं साडेअकरा एकर मालकीचं रान आहे. सातबाऱ्यावर नऊ नावं, त्यातली सहा मुंबईत. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ अशी झाडं आणि वरच्या अंगाला एक झरा, जो मे महिन्यातही आटत नाही. आमच्याकडे दर दहा-पंधरा वर्षांनी लाकूडवाला येतो, भाऊबंदांच्या सह्या गोळा करतो आणि डोंगर बोडका करून जातो. वडिलांनी त्याला दोनदा परत पाठवला. ते गेल्यावर "तोडायचं नाही" एवढ्यावर भागेना. रान उभं ठेवून चार पैसे मिळावेत, असं मला मनापासून वाटत होतं आणि कार्बनच्या पैशांचं आमिष घेऊन आलेल्या एका माणसाने मला नेमकं तिथेच धरलं.

जानेवारी २०२५ मध्ये तो आला. गावातल्याच ओळखीच्या माणसाबरोबर आला, म्हणून ओटीवर बसवून चहा दिला. कंपनीच्या नावात 'राष्ट्रीय' होतं, 'अभियान' होतं, फायलीवर राजमुद्रेसारखं चित्र. त्याने सांगितलं, दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाच्या सरकारने जंगल राखून कार्बन क्रेडिट, म्हणजे कार्बन हवेत जाऊ न दिल्याची किंवा झाडांत साठवल्याची प्रमाणपत्रं, विकली आणि एका तेल कंपनीने त्यासाठी किमान ७५ कोटी डॉलर कबूल केले. आपल्या सरकारनेही ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रीन क्रेडिटचे, म्हणजे झाडं लावण्यासारख्या कामांना गुण देण्याचे, नियम आणलेत, आता मालकी रानांचा नंबर आहे. रात्री मी मोबाइलवर शोधलं. गयानाची बातमी खरी होती, नियमही खरे होते. दोन खऱ्या गोष्टींच्या आडून त्याने तिसरी खोटी पुढे केली होती आणि मी तपासल्या फक्त खऱ्या.

पुढच्या आठवड्यात दोन पोरं आली. दोन दिवस रानात फिरली, छातीच्या उंचीवर टेप लावून प्रत्येक झाडाचा घेर लिहिला, खोडावर पिवळ्या रंगाने नंबर घातले, ड्रोन उडवला. १,९०० झाडं भरली. इतकी मेहनत करणारी माणसं लबाड असतील असं मनातही आलं नाही. मग हिशेब दाखवला: झाडाला वर्षाला एक क्रेडिट, क्रेडिटला २० डॉलर, म्हणजे वर्षाचे ३२ लाख.

नोंदणी शुल्क एकरी २,५०० प्रमाणे २८,७५० रुपये. पडताळणी शुल्क ३५,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ७५,२२५ रुपये मी दोन हप्त्यांत मोबाइलवरून पाठवले. समोर नाव उमटलं ते कंपनीचं नव्हतं, एका माणसाचं होतं. विचारलं तर म्हणाला, कंपनीच्या खात्याचं काम चालू आहे. पाचशेच्या मुद्रांकावर इंग्रजी करार होता, अकरा पानी. आम्ही गावातल्या तिघांनी सह्या केल्या. मुंबईच्या सहा जणांची संमती मी फोनवर घेतली आणि माझ्या शब्दावर त्यांनी होकार दिला. ते मला अजून सलतं.

एप्रिलमध्ये फोन बंद झाला.

माझी पुतणी चिपळूणला वकिली करते. तिने करार वाचला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "काका, पैसे सोडा. चाळीस वर्षांसाठी या रानाच्या कार्बनचा सगळा हक्क तुम्ही त्यांना दिलाय. वर मुखत्यारपत्रही आहे. उद्या खरी योजना घेऊन कोणी आलं तर आधी हा कागद आडवा येणार."

कागदावर एक प्रकल्प क्रमांकही छापला होता. कार्बन प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या व्हेरासारख्या संस्थांची नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. तिथे प्रकल्पाचा नकाशा आणि सगळी कागदपत्रं असतात. पुतणीने क्रमांक टाकला. तो खरा निघाला, पण पवनचक्क्यांच्या प्रकल्पाचा. हे पाहायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत.

३२ लाखांचा हिशेब तिने मला कागदावर मांडून दाखवला आणि तो प्रत्येक शेतकऱ्याने एकदा करून पाहावा. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. सुक्या लाकडाचा साधारण निम्मा भाग कार्बन. किलोभर कार्बन साठवायला झाड हवेतला सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड ओढतं. म्हणजे वर्षाला एक क्रेडिट मिळवायचं तर एका झाडाने वर्षभरात साडेपाचशे किलो सुकं लाकूड नव्याने अंगावर घ्यायला हवं. मी लहानपणापासून या झाडांखाली वाढलो. आमचा किंजळ वर्षाला किती फुगतो ते मला डोळ्यांनी ठाऊक आहे. हा प्रश्न मी त्याच दिवशी ओटीवर विचारू शकलो असतो.

वनखात्याच्या कार्यालयात गेलो, तेव्हा तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मालकाकडून शुल्क घेणारी अशी कोणतीही योजना खात्याची नाही, ग्रीन क्रेडिट आणि कार्बन क्रेडिट वेगळी आहेत, असं त्यांनी समजावलं. ग्रीन क्रेडिटचा कारभार डेहराडूनच्या भारतीय वानिकी संशोधन परिषदेकडे आहे आणि त्यातली वृक्षलागवड वनखात्याने दाखवलेल्या उजाड जमिनीवर होते. शिवाय जे रान एरवीही उभंच राहणार होतं, त्याला कार्बन क्रेडिट सहसा मिळत नाही. तुटण्याचा धोका होता आणि पैशांमुळे तो टळला, हे दाखवावं लागतं. गयानात क्रेडिट सरकारला मिळाली, अख्ख्या देशाच्या जंगलाचा हिशेब तपासून, २०१६ ते २०२० या पाच वर्षांसाठी सुमारे ३.३५ कोटी. त्यातला १५ टक्के वाटा आदिवासी गावांना ठरला. तरी आमची संमती नीट घेतली नाही, अशी तक्रार तिथल्या आदिवासी संघटनेने २०२३ मध्ये केली. आम्हाला तर संमती कशाची मागतात हेच कळलं नव्हतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यातही दिली. करार रद्द केल्याची नोटीस रजिस्टर पोस्टाने धाडली, ती 'पत्त्यावर कोणी नाही' अशा शेऱ्यासह परत आली. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. पैसे आलेले नाहीत.

दिवाळीनंतर लाकूडवाला पुन्हा येऊन गेला. मुंबईचे भाऊ आता त्याच्या बाजूने बोलतात आणि त्यांना अडवायला माझ्याकडे पूर्वीसारखा शब्द उरलेला नाही. मी अजून सही केलेली नाही. शेजारच्या खोऱ्यातही खोडांवर तसेच पिवळे नंबर दिसले आहेत, असं कानावर आलं, म्हणून हे लिहिलं. तुमच्याकडे असा अकरा पानी करार आला असेल, तर सही करण्याआधी माझ्याजवळच्या प्रतीशी ताडून पाहा. प्रत मी कोणालाही द्यायला तयार आहे.