एअर की कॉइल: ५४ किलो वजनाच्या चालकाचा वापरानंतरचा अनुभव

"सील सुटं मिळत नाही. चिमटाच बदलावा लागेल, साडेबारा हजार." सायकलच्या पुढच्या चाकाचा, धक्के झेलणारा हवेचा चिमटा, म्हणजे एअर फोर्क, घेऊन गेले होते. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हे ऐकलं आणि घरी येऊन लिहायला बसले. एअर फोर्कमधून कधीतरी हवा जाणार, हे घेणाऱ्याला माहीत असतंच. पण हवा अडवणारी रबराची रिंग विकायची नाही आणि तिच्यापायी दोन किलोंचा धडधाकट फोर्क भंगारात काढायला लावायचा, हे मला अजिबात पटत नाही.

कॉइलपासून सुरुवात करते. सायकलबरोबर आलेला फोर्क स्टीलच्या स्प्रिंगचा, म्हणजे कॉइलचा होता, ट्रॅव्हल (जास्तीत जास्त दबण्याचं अंतर) १०० मिलिमीटर. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूनं उतरताना मनगटं इतकी दुखायची की मध्येच थांबून हात झटकावे लागत. दुकानात सांगितलं की प्रीलोड पूर्ण सोडा. सोडला, काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. प्रीलोडच्या नॉबनं स्प्रिंग आधीपासून किती दाबून ठेवायची एवढंच ठरतं. तिचा ताठपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवर असतो, नॉब कितीही फिरवला तरी तो बदलत नाही.

मग फोर्कच्या नळीवर एक झिप टाय सैलसर बांधली. फोर्क दबला की ती वर ढकलली जाते आणि तिथेच थांबते, म्हणजे किती ट्रॅव्हल वापरलं ते उतरल्यावर दिसतं. फोर्क घेणाऱ्या प्रत्येकानं आधी हे करावं असं माझं कळकळीचं सांगणं आहे. पाच रुपयांच्या त्या पट्टीनं जे दाखवलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. सायकल मोठमोठ्या दगडांवरून नेली तरी पट्टी ६० मिलिमीटरच्या वर गेली नाही. नुसतं सायकलवर बसल्यावर फोर्क २० ते ३० टक्के दबायला हवा, माझा १० टक्केही दबत नव्हता. स्प्रिंग माझ्यापेक्षा बऱ्याच जड माणसासाठी होती. माझ्या वजनाला चालेल अशी मऊ स्प्रिंग त्या मॉडेलला मिळते का, असं तीन दुकानांत विचारलं. तिन्हीकडे नाही.

एअर फोर्क घेतला तो एवढ्यासाठीच. वजन अर्ध्या किलोनं कमी झालं, ते चढाला बरं वाटतं, पण खरं सुख हवा भरण्यात आहे. शॉक पंपानं (फोर्कमध्ये हवा भरायचा खास छोटा पंप) ७० पीएसआयच्या आसपास भरली, हळूहळू दाबून फोर्कच्या आतले दोन्ही कप्पे समतोल होऊ दिले, पुन्हा मोजून थोडी भरली, आणि सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावरचं दबणं, बरोबर २५ टक्क्यांवर आला. त्याच उताराला झिप टाय ९० च्या पुढे गेली! फोर्क टोकाला आपटत नाही, कारण हवा जितकी दबते तितकी झपाट्यानं ताठ होते. अजून ताठ हवा असेल तर वरच्या झाकणाखाली प्लॅस्टिकचे ठोकळे बसवून हवेची जागा कमी करता येते. पंप मात्र त्याच वेळी घ्या. सायकलच्या साध्या पंपानं इतक्या छोट्या कप्प्यात अचूक हवा भरता येत नाही. आणि पंप काढताना जो फुस्स आवाज येतो तो पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, त्याला घाबरून जास्तीची हवा भरू नका.

थंडीचंही ध्यानात ठेवा. दुपारी ३० अंशांना ७० पीएसआय भरलेला फोर्क डिसेंबरातल्या पहाटे १० अंशांना साधारण ५-६ पीएसआयनं उतरतो. ही गळती नव्हे. निघण्याआधी एकदा मोजायचं, बस्स.

मग आला पावसाळा. पाबे घाटाच्या बाजूच्या लाल चिखलात भरपूर फिरले, आणि ऑगस्टमध्ये फोर्क रात्रीतून बसायला लागला. साबणाचं पाणी व्हॉल्व्हवर आणि झाकणाभोवती टाकलं, एकही बुडबुडा नाही. म्हणजे हवा बाहेर जातच नव्हती. ती आतल्या आत सील-हेडमधून (हवेच्या कप्प्याचं खालचं, रिंगा बसवलेलं बूच) फोर्कच्या खालच्या पायात, म्हणजे खालच्या जाड नळीत, उतरत होती. सर्व्हिस सेंटरला हे सगळं समजावून सांगितलं. उत्तर वर लिहिलंच आहे. झिजणारे सील वॉरंटीत बसत नाहीत हे मला मान्य आहे, मी पैसे द्यायलाही तयार होते. पण विकायला सीलच ठेवायचं नाही, याला सर्व्हिस कसं म्हणायचं?

रागानं जुना कॉइल परत चढवला. सकाळी सायकल काढली आणि निघाले, पंप नाही, मोजणं नाही. दोन रविवार मनापासून वाटलं की आपल्या चिखलाला आणि आपल्या सर्व्हिसला कॉइलच योग्य. स्पीतीसारख्या ठिकाणी, जिथं आठवडाभर दुकान दिसणार नाही, तिथं आजही मी कॉइलच नेईन. पण तिसऱ्या रविवारी झिप टाय पाहिली. ६० वरच होती, आणि मनगटांनी तेच सांगितलं.

शेवटी पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिक काकांनी फोर्क उघडला. तळाचा बोल्ट सैल करताच तेलासकट हवा सुटली, माझं निदान बरोबर निघालं. काकांनी सील-हेडच्या रिंगा व्हर्नियरनं मोजल्या आणि मला भोसरीला पिटाळलं. हायड्रॉलिकचे सील विकणाऱ्या दुकानात त्याच मापाच्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंगा मिळाल्या, दोन मिळून ४० रुपये. काकांची मजुरी ६००, तेल-ग्रीस वेगळं. साडेबारा हजारांचं काम हजाराच्या आत झालं, आणि तेव्हापासून फोर्क बसलेला नाही.

म्हणून आता माझं मत असं: वजन साठ किलोच्या आत असेल तर एअरच घ्या. महागड्या कॉइल फोर्कना वजनानुसार वेगवेगळ्या स्प्रिंगा मिळतात, मार्झोकी कंपनीच्या झेड-१ कॉइलला मिळतात तशा. तिथं हा वाद उरत नाही, लहान खड्यांवर कॉइल जास्त मऊ चालतो हेही खरं. पण आपल्याकडे सायकलबरोबर येणाऱ्या कॉइलला एकच स्प्रिंग असते, आणि कमी वजनाच्या बायका, शाळेतली मुलं सगळ्यांनी ती मुकाट्यानं सोसायची. माझा जुना फोर्क ८२ किलोच्या मित्राला दिला. त्याच्या सायकलवर तीच झिप टाय ९० पर्यंत जाते, आणि तो खूश आहे.

एअर घेताना किमतीची घासाघीस नंतर करा, आधी सील किट दाखवा म्हणा. फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी सायकल ५० तास चालवल्यावर खालचे पाय उघडून साफ करायला सांगते आणि २०० तासांनी पूर्ण सर्व्हिस. पावसाळ्यात चिखलात जात असाल तर ५० ची वाट पाहू नका. ओ-रिंगा भोसरीत मिळतात, पण नळीवरच्या धूळ-सीलला पर्याय सापडला नाही, ते मूळचेच लागतात. मी मागवलेत, अजून आलेले नाहीत. आले की किंमत इथे जोडते.