सायकल कडेने चालवायची की लेनच्या मधून? पुण्यात ऑफिसला सायकलने जाणार असाल तर

घरचे सगळे एकच सांगतात, डावीकडे दाबून चालव. माझं मत उलटं आहे, गर्दीच्या रस्त्यावर अगदी कडेला चिकटून जाण्यातच जास्त धोका आहे.

कडेला काय काय असतं बघा, ड्रेनेजची खचलेली झाकणं, वाळू, पावसाळ्यात साठलेलं पाणी ज्याखालचा खड्डा दिसतच नाही, आणि राँग साइडने येणाऱ्या टूव्हीलर, त्या तर हमखास कडेनेच अंगावर येतात. वर पार्क केलेल्या कार. दार पूर्ण उघडलं की ते जवळपास मीटरभर बाहेर येतं आणि ते चुकवायला तुम्ही झटकन उजवीकडे वळलात की मागून बस असते. अजून एक, तुम्ही कडेला असलात की मागच्याला वाटतं आपली गाडी बसतेय, मग तो हँडलला घासून पुढे जातो.

लेनच्या मधून चाललं की लांबूनच दिसता, मागच्याला पुढे जायचं तर नीट बाजूने जावं लागतं. हॉर्न वाजतात, वाजू देत, हॉर्न वाजवतोय म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलंय. पण खरा तोटा वेगाचा, तुम्ही १५-२० च्या स्पीडने आणि मागचे ६० ने येत असतील तर मधे राहणं चुकीचंच.

ब्रिटनमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, तिथल्या हायवे कोडमध्ये (म्हणजे रस्त्यावरच्या नियमांच्या अधिकृत पुस्तिकेत) २०२२ पासून स्पष्ट लिहिलंय की शांत रस्त्यावर, हळू ट्रॅफिकमध्ये आणि चौक किंवा अरुंद जागा आली की सायकलवाल्याने लेनच्या मधे राहावं, आणि वेगाच्या गर्दीच्या रस्त्यावर कडेपासून निदान अर्धा मीटर सोडावा.

मी म्हणेन पेठांमध्ये सरळ मधून चालवा, तिथे सगळेच हळू असतात. कर्वे रोडसारख्या मोठ्या रस्त्याला कडेपासून किंवा पार्क केलेल्या गाड्यांपासून मीटरभर सोडून एका रेषेत चला, दोन गाड्यांमधल्या रिकाम्या जागेत आत-बाहेर करू नका कारण बाहेर येताना तुम्ही कुणालाच अपेक्षित नसता. बायपासला सर्व्हिस रोडच घ्या. सायकल ट्रॅक मोकळा असेल तर उत्तम, पण तो जिथे संपतो तिथे मागे बघूनच रस्त्यावर या.

चौकाचं मात्र सगळीकडे सारखंच. सरळ जायचं असेल तर थोडं आधीच मागे वळून बघा, हात दाखवा आणि मधे या, नाहीतर लेफ्ट मारणारी रिक्षा तुमच्या पुढ्यातच वळते. आणि सिग्नलला ट्रक किंवा बसच्या डाव्या बाजूला कितीही जागा दिसली तरी त्यात घुसू नका, ड्रायव्हरला तुम्ही तिथे दिसत नाही आणि तो वळला की मागचं चाक कडेला दाबत येतं, एक सिग्नल गेला तरी चालेल पण त्याच्या मागेच थांबा.