केस ब्रीफ पद्धत: सेमिस्टरभर वापरल्यानंतर

अमेरिकन कॉलेजात कॉन्स्टिट्यूशनल लॉ किंवा सिव्हिल लिबर्टीजचा कोर्स घेतला की पहिल्याच आठवड्यात केस ब्रीफ, म्हणजे खटल्याच्या निकालाचा रकान्यांत मांडलेला सारांश, गळ्यात पडतं: वस्तुस्थिती, प्रश्न, निकाल (होल्डिंग), कारणमीमांसा, भिन्नमत. पद्धत चांगलीच आहे, पण पाचही रकाने सारखे भरत बसलं तर निम्मी मेहनत पाण्यात.

सगळ्यात जास्त वेळ वस्तुस्थिती खाते. अमेरिकी सुप्रीम कोर्टाचा क्रेग विरुद्ध बोरेन (1976) घ्या. ओक्लाहोमात 3.2 टक्क्यांची बिअर मुलींना 18व्या वर्षी विकता येई, मुलांना 21व्या. बस, एवढंच लिहा. राज्याचा आधार अटकेच्या आकड्यांचा होता: दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्या वयातली 2 टक्के मुलं आणि 0.18 टक्के मुली. शिवाय बंदी फक्त विक्रीवर, मुलाने पिण्यावर नाही! कोर्टाला हा धागा फार कच्चा वाटला. लिंगावरून भेद करायचा तर उद्दिष्ट महत्त्वाचं हवं आणि कायद्याचा त्याच्याशी भरीव संबंध हवा, ही कसोटी ब्रीफमध्ये ठळक हवी. म्हणून सहावा रकाना पाडा, कोर्टाने कायदा किती कडकपणे तपासला याचा: रॅशनल बेसिस (सर्वांत सैल), इंटरमिजिएट (मधली, क्रेगमधली) की स्ट्रिक्ट स्क्रुटिनी (सर्वांत कडक)? परीक्षेतलं उत्तर बहुतेकदा यावरच उभं राहतं किंवा पडतं.

निकालाच्या सुरुवातीचा ‘सिलॅबस’ (छापील सारांश) उतरवून काढायचा मोह आवरा. तो कोर्टाचा रिपोर्टर (निकाल छापून काढणारा अधिकारी) तयार करतो, निकालाचा भाग नसतो. तसंच, बहुमताचं मत वाचून थांबू नका. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले त्या यंग्सटाउन खटल्यात (1952) बहुमत न्यायमूर्ती ब्लॅक यांनी लिहिलं, पण आज वापरात आहे ती न्यायमूर्ती जॅक्सन यांच्या सहमतीच्या मतातली, राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारांची तीन गटांत विभागणी.

जुनं पुस्तक स्वस्तात मिळतं, पण इथे ते महागात पडतं. सरकार आणि धर्म यांच्या संबंधाबद्दलची 1971ची लेमन कसोटी केनेडी विरुद्ध ब्रेमर्टनमध्ये (2022) कोर्टाने बाजूला सारली. त्याच वर्षी डॉब्स खटल्याने गर्भपाताच्या हक्काचा रो निकाल उलटवला. ब्रीफच्या कोपऱ्यात ‘चालू’ की ‘रद्द’ हे लिहाच.

भारतात कायदा शिकून आलेल्यांना भाषणस्वातंत्र्यावर ‘वाजवी निर्बंध’ घालू देणाऱ्या आपल्या राज्यघटनेतल्या कलम 19(2)ची सवय नडते. भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या अमेरिकी घटनेच्या पहिल्या दुरुस्तीत अशा निर्बंधांची यादीच नाही, अपवाद कोर्टाने घडवले. ब्रँडनबर्ग खटल्यानंतर (1969) चिथावणीचं भाषण शिक्षापात्र ठरवायचं तर ते तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याच्या दिशेने केलेलं हवं आणि तसं घडण्याची शक्यताही हवी. दुसरी ठेच: ही दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी कॉलेजला नाही. ‘स्टेट ॲक्शन’, म्हणजे सरकारची कृती, आहे का, हे आधी तपासा.

ओयेझ (Oyez) या वेबसाइटवर सुप्रीम कोर्टातले 1955पासूनचे तोंडी युक्तिवाद फुकट ऐकता येतात, बऱ्याच ठिकाणी मजकूरही सोबत सरकतो. ब्रीफ झाल्यावरच ऐका. न्यायमूर्तींचा खोचक प्रश्न म्हणजे निकाल नव्हे, तो होल्डिंगच्या रकान्यात गेला की गुण गेलेच.